रक्तपिशवी, चीज आणि जलसंजीवनी

1908 साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल या शल्यविशारदाने रक्तस्रावाने पांढऱ्याफटक पडलेल्या एका नवजात मुलीला तिच्या वडिलांचे रक्त दिले. देण्याची रीत अशी: वडिलांच्या मनगटाजवळची धमनी उघडी करायची, तिचे टोक मुलीच्या पायातल्या शिरेला बारीक टाक्यांनी शिवायचे आणि बापलेकीला शेजारी निजवून रक्त वाहू द्यायचे. किती रक्त गेले हे मोजण्याची सोय नव्हती. मुलीच्या अंगावर गुलाबी रंग दिसू लागला तेव्हा डॉक्टर थांबले. मुलगी वाचली. पण असे टाके घालू शकणारे हात तेव्हा जगात मोजकेच होते, आणि दर रुग्णामागे दात्याची एक धमनी खर्ची पडत होती.

एवढा खटाटोप करावा लागे तो एकाच कारणाने. रक्त शरीराबाहेर आले की काही मिनिटांत गोठते. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून काढल्यामुळे कोणाचे रक्त कोणाला चालेल याचे उत्तर 1901 पासून मिळू लागले होते. ते रक्त बाटलीत भरून नेता येईल का, हा प्रश्न मात्र तसाच होता. गोठण्यासाठी रक्ताला कॅल्शियम लागते, हे मॉरिस आर्थस आणि कालिस्त पाझेस यांनी 1890 मध्ये दाखवले होते. त्यामुळे प्रयोगशाळेत रक्त पातळ ठेवायचे असेल तर कॅल्शियम अडवणारे काहीतरी त्यात घालत. सोडियम सायट्रेट हा त्यातलाच एक क्षार. त्याचे एक टक्का प्रमाण प्रयोगशाळेत रूढ होते. तेवढे सायट्रेट माणसाच्या शिरेत सोडणे धोक्याचे, म्हणून रुग्णासाठी ते निरुपयोगी असे सगळे धरून चालले होते.

मग अवघ्या वर्षभरात तीन ठिकाणी ही समजूत मोडली. मार्च 1914 मध्ये ब्रसेल्सला आल्बेर उस्टँ यांनी, नोव्हेंबरमध्ये ब्युनोस आयर्सला लुइस आगोते यांनी सायट्रेट घातलेले रक्त रुग्णांना दिले. तिसरे रिचर्ड लेविसन, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले. त्यांचा प्रश्न मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो फार साधा होता: एक टक्काच का? काचेच्या नळीत कोणालाच काटकसर करायची गरज पडली नव्हती, म्हणून कमीत कमी किती पुरेल हे कोणी पाहिलेच नव्हते. लेविसन यांनी पाहिले. 0.2 टक्के पुरत होते, म्हणजे रूढ प्रमाणाचा पाचवा हिस्सा. आधी कुत्र्यांवर आणि नंतर रुग्णांवर खात्री करून त्यांनी 1915 च्या जानेवारीत ते छापले. रक्त घेण्याची जागा आणि देण्याची जागा आता वेगळी असू शकत होती.

यात सायट्रेट नेमके काय करते? सायट्रिक आम्लाच्या रेणूत कार्बनचे सहा अणू आणि आम्लाचे तीन गट असतात. हे तिन्ही गट आपापला हायड्रोजन सोडून देतात तेव्हा उरतो तो सायट्रेट आयन, तीन ऋणभारांचा. कॅल्शियमवर दोन धनभार असतात. खेकडा नांग्यांत भक्ष्य पकडतो तसा सायट्रेट कॅल्शियमला आपल्या गटांच्या मध्ये पकडतो. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ऑक्झलेटसुद्धा कॅल्शियमला पकडते, पण दोघे मिळून न विरघळणारा साका तयार होतो आणि तो खाली बसतो. रक्तातल्यासारख्या प्रमाणात सायट्रेट आणि कॅल्शियमची जोडी मात्र विरघळलेलीच राहते. कॅल्शियम द्रावणातच असते, पण कामाला मोकळे नसते. रक्त गोठवणारी प्रथिने एकामागून एक जागी होतात, आणि त्यांच्या साखळीत अनेक ठिकाणी मोकळे कॅल्शियम लागते. ते मिळाले नाही की साखळी तिथेच थांबते.

रक्त पातळ राहिले तरी तांबड्या पेशींना जगायला खाऊ लागतो. 1916 मध्ये पेटन राउस आणि जे. आर. टर्नर यांनी सायट्रेटच्या जोडीला साखर घालून रक्त काही आठवडे टिकवले. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर ओस्वाल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरने असे रक्त बर्फाच्या पेट्यांत साठवून कांब्रेच्या लढाईतल्या जखमींना दिले. रक्तपेढीची सुरुवात इथली. नंतर एक अडचण उरली होती. सायट्रेट आणि ग्लुकोज एकत्र उकळून निर्जंतुक करायला गेले की साखर करपून तपकिरी होई. 1943 मध्ये ब्रिटनमध्ये लाउटिट आणि मॉलिसन यांनी त्या द्रावणात थोडे सायट्रिक आम्लच मिसळले. करपणे थांबले आणि रक्तही जास्त चांगले टिकू लागले, तीन आठवडे.

आज रक्तदान शिबिरात 350 मिलिलिटरची पिशवी लावतात तेव्हा तिच्यात आधीपासून 49 मिलिलिटर स्वच्छ द्रावण असते. त्यात सायट्रेट, फॉस्फेट, ग्लुकोज आणि ॲडेनिन असते, आणि त्यामुळे रक्त 35 दिवस टिकते. त्या 49 मिलिलिटरमधले सोडियम सायट्रेट भरते सव्वा ग्रॅमच्या आसपास. पिशवी भरत असताना ती यंत्रावर हलत राहते, किंवा कर्मचारी हाताने हलवत राहतो, ती एवढ्याचसाठी: रक्ताच्या प्रत्येक थेंबाला सायट्रेट भेटले पाहिजे.

रुग्णाच्या शरीरात गेलेले हे सायट्रेट मुख्यतः यकृत काही मिनिटांत जाळून टाकते आणि पकडलेले कॅल्शियम पुन्हा मोकळे होते. एखाद-दुसऱ्या पिशवीने काही होत नाही. मोठ्या अपघातात किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावात भराभर पिशव्या चढवाव्या लागल्या, तर यकृताला हा वेग झेपत नाही आणि रक्तातले मोकळे कॅल्शियम घसरते. ते घसरले की हृदयाचे आकुंचन दुबळे होते आणि रक्त गोठणेही बिघडते, म्हणून अशा वेळी डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात. ज्यांनी यंत्रावर बसून प्लेटलेटदान केले आहे त्यांनी याची सौम्य आवृत्ती अनुभवलेली असेल. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. यंत्रातून परत येणाऱ्या रक्ताबरोबर सायट्रेट अंगात येत असते, त्याचा हा परिणाम. तसे वाटले की लगेच सांगावे. वेग कमी करून कॅल्शियमची गोळी चघळायला दिली की मुंग्या थांबतात.

हृदयाची झडप बदललेल्या आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या माणसांची सायट्रेटशी नियमित भेट होते ती तपासणीच्या नळीत. फिक्या निळ्या टोपणाच्या नळीत 3.2 टक्क्यांचे सोडियम सायट्रेट असते. त्याच्या एका भागाला रक्ताचे बरोबर नऊ भाग हवेत. प्रयोगशाळेत यंत्र ठरावीक कॅल्शियम परत घालते आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजते. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट शिल्लक राहते, परत घातलेल्या कॅल्शियमचा काही भाग तेच पकडते आणि रक्त आहे त्याहून पातळ असल्याचा आकडा येतो. त्या आकड्यावर गोळीचा डोस ठरत असतो. म्हणून तंत्रज्ञ ‘नळी अर्धी भरली, पुन्हा टोचावे लागेल’ म्हणाला तर चिडू नये. तो तुमचेच भले पाहत असतो.

ज्याच्यापासून सायट्रेट मिळते ते सायट्रिक आम्ल पहिल्यांदा वेगळे काढले स्वीडनच्या कार्ल शीले यांनी, 1784 मध्ये. त्यांची पद्धत मजेदार आहे, कारण तिच्यात सायट्रेटचाच एक क्षार मध्यस्थ होता. लिंबाच्या गरम रसात खडूची पूड घातली की कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ बसतो. रसात दोघांचेही प्रमाण एवढे असते की इथे मात्र ही जोडी विरघळून राहू शकत नाही. गाळ धुऊन त्यात गंधकाम्ल घातले की शुद्ध आम्ल मोकळे होते. जवळजवळ सव्वाशे वर्षे जगाचे सायट्रिक आम्ल याच वाटेने येत राहिले. सिसिलीच्या लिंबांचा रस तिथेच आटवून त्याचे कॅल्शियम सायट्रेट करत आणि ते इंग्लंड-अमेरिकेकडे पाठवत. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा विस्कटला, आणि 1917 मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिले की साखरेच्या आंबट द्रावणावर वाढवलेली ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते. फायझर कंपनीने 1919 पासून ब्रुकलिनमध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. पुढे मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवण्याचा हाच अनुभव दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन बनवताना कामी आला. आज वर्षाला वीस लाख टनांहून जास्त सायट्रिक आम्ल बनते आणि बहुतेक सगळे बुरशीकडूनच. ही बुरशी आपल्या ओळखीची आहे. चाळीत साठवलेल्या कांद्याच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी पूड दिसते, ती हीच जात. कारखान्यात तिचे निवडलेले वाण वापरतात आणि आम्ल गाळून शुद्ध करून घेतात, एवढाच फरक.

सायट्रेटचा रक्तपेढीत कॅल्शियम पकडणारा गुण खाद्यपदार्थांत सर्वांत ठळक दिसतो तो चीजमध्ये. जुने, मुरलेले चीज नुसते तापवून पाहा. आधी ते मऊ होते, मग त्यातून तूप सुटते आणि मागे चिवट रबरासारखा गोळा उरतो. दुधातले केसीन हे प्रथिन कॅल्शियमने एकमेकांना बांधलेले असते, आणि बांधलेले केसीन स्निग्धांशाला सांभाळू शकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर एमेंटाल चीज उष्ण देशांत पाठवता यावे म्हणून खटपट करत होते. 1911 मध्ये त्यांनी चीज सोडियम सायट्रेटसह तापवले. सायट्रेटने केसीनमधले कॅल्शियम ओढून घेतले, त्या जागी सोडियम आले, केसीनची गाठ सैल झाली आणि ते पाण्यात पसरले. पसरलेल्या केसीनने तुपाच्या प्रत्येक थेंबाला वेढून ठेवले. थंड झाल्यावर मिळाली एकजीव, गुळगुळीत, महिनोन्महिने टिकणारी वडी. आपल्याकडे घरोघरी सँडविचवर किसतात ते डब्यातले आणि क्यूबमधले चीज याच जातीचे, प्रोसेस्ड. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार शेकडा दोन-तीन असतात. चीजपासून दाट, न फाटणारा सॉस करायचा असेल तर स्वयंपाकी दूध किंवा पाण्यात चिमूटभर सोडियम सायट्रेट विरघळवून मग किसलेले चीज घालतात. युक्ती तीच.

दुधात सायट्रेट बाहेरून घालावे लागतेच असेही नाही. गाईच्या एक लिटर दुधात ते मुळातच दीड ते दोन ग्रॅम असते. दुधातल्या कॅल्शियमचा समतोल सांभाळण्यात त्याचा वाटा आहे, आणि आटवलेले दूध डब्यात घट्ट होऊन बसू नये म्हणून कारखान्यात थोडे सायट्रेट वरून घालतात तेही याच कारणाने. विरजणातले काही जिवाणू या सायट्रेटवर जगतात आणि त्यापासून डायअॅसिटिल नावाचे द्रव्य तयार करतात. ताज्या लोण्याचा जो खमंग, किंचित गोडसर वास असतो तो मोठ्या प्रमाणात या डायअॅसिटिलचा. थेट क्रीम घुसळून केलेल्या लोण्याला तो वास येत नाही, विरजलेल्या सायीच्या लोण्याला येतो. सायीला विरजण लावून लोणी काढणाऱ्या आपल्या घरांनी ही चव कधी सोडली नाही, हे मला फार चांगले झाले असे वाटते.

वेष्टनावरच्या आकड्यांनी अनेकांना धास्ती वाटते, म्हणून हे आकडे सांगून टाकतो. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, 331 सोडियम सायट्रेट, 332 पोटॅशियम सायट्रेट, 333 कॅल्शियम सायट्रेट. सरबत, जॅम, जेली, सोडा यांत आम्ल आणि त्याचा क्षार जोडीने घालतात. आम्ल चव देते, क्षार आंबटपणाची धार ठरावीक पातळीवर रोखून धरतो. जॅममध्ये पेक्टिन किती लवकर घट्ट होईल हेही त्यावरून ठरते. खमण ढोकळ्याच्या पिठात खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, घातले की कर्बवायूचे बुडबुडे निघतात आणि मागे सोडियम सायट्रेट उरते. पोटाला आराम पडावा म्हणून पाण्यात फसफसवून पितात त्या पुडीतही हेच घडते. पेल्यात पिण्यापुरते जे उरते ते मुख्यतः सायट्रेटचे पाणी असते. घाबरण्यासारखे या आकड्यांत काही नाही. सोडियमचा हिशेब मात्र ठेवावा. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्याने फसफसणारी पुडी रोजच्या सवयीची करू नये, कारण मीठ कमी खाऊन वाचवलेले सोडियम त्या वाटेने परत येते.

आता सायट्रेटचा दुसरा गुण. वर म्हटले की यकृत सायट्रेट जाळते. खरे तर शरीरातल्या बहुतेक सर्व पेशी ते जाळू शकतात, कारण अन्नातून ऊर्जा काढण्याच्या चक्रातला तो एक टप्पाच आहे. शेफील्डमध्ये काम करणाऱ्या हान्स क्रेब्स यांनी 1937 मध्ये हे चक्र मांडले, त्याला सायट्रिक आम्ल चक्र असेही म्हणतात. त्यांचा शोधनिबंध आधी ‘नेचर’ने परत पाठवला होता, 1953 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. निखळ सायट्रिक आम्ल या चक्रात जळले तर शेवटी कर्बवायू आणि पाणी उरते, शरीराचा आम्ल-अल्कली समतोल जिथल्या तिथे. सोडियम किंवा पोटॅशियमचा सायट्रेट जळताना मात्र पेशी आपल्याकडचा हायड्रोजन आयन त्याला देतात, आणि एका सायट्रेटमागे तीन बायकार्बोनेट मागे राहतात. म्हणजे ज्याचे आम्ल इतके आंबट, त्याचा क्षार अंगात गेल्यावर अल्कली होतो. आणि हे पोटात खळबळ न करता होते, हे विशेष. सोडा प्यायला तर तो जठरातल्या आम्लाशी भांडून वायू सोडतो. सायट्रेट गुपचूप आतड्यातून जाऊन रक्तात आपले काम करतो.

लघवीची जळजळ होत असताना डॉक्टर पाण्यात घालून प्यायला जे आंबट-खारट औषध देतात, ते बहुधा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. लघवीचा आम्लपणा कमी झाला की जळजळ कमी होते. ते जंतू मारत नाही. जळजळ थांबली म्हणून संसर्ग बरा झाला असे समजून तपासणी टाळणारे पुष्कळ लोक असतात, आणि संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढल्यावर थंडी-ताप घेऊन येतात.

मुतखड्यात सायट्रेटचे दोन्ही गुण एकत्र कामाला येतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवीत पुरेसे सायट्रेट असले तर ते कॅल्शियमला आधीच पकडते, ऑक्झलेटच्या वाट्याला कमी कॅल्शियम येते, आणि जे स्फटिक बनतात त्यांची वाढही सायट्रेट रोखते. ज्यांच्या लघवीत दिवसाला 320 मिलिग्रॅमपेक्षा कमी सायट्रेट उतरते त्यांना खडे होण्याचा धोका जास्त. टेक्सासमधल्या डॅलसचे चार्ल्स पाक यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले, आणि 1985 मध्ये अमेरिकेत पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्यांना औषध म्हणून मान्यता मिळाली. पोटॅशियमचाच क्षार निवडण्याचे कारण आहे: सोडियम वाढले की लघवीत कॅल्शियमही जास्त उतरते, आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते. युरिक आम्लाच्या खड्यांना तर हे औषध विरघळवूच शकते, कारण लघवी फार आम्ल असली तरच युरिक आम्लाचे स्फटिक होतात.

मुतखड्यावर लिंबूपाणी प्या असे घरोघरी सांगतात. त्यात तथ्य आहे, पण बेताचे. लिंबाच्या रसात शेकडा पाच-सहा सायट्रिक आम्ल असते, बहुतांशी आम्लाच्याच रूपात, क्षाराच्या नाही. त्यामुळे लघवी अल्कली करण्यात ते गोळीची बरोबरी करू शकत नाही. त्यातून सायट्रेट थोडे वाढते आणि पाणी भरपूर पोटात जाते, हा खरा लाभ. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी, त्यात लिंबू पिळलेले, मीठ-साखर न घातलेले. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्याला एवढी लघवी व्हायची तर प्यावे त्याहून बरेच जास्त लागेल, कारण पुष्कळ पाणी घामात जाते.

पोटॅशियम सायट्रेट मात्र मित्राने सांगितले म्हणून दुकानातून आणून पिण्याची वस्तू नाही. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रक्तदाबासाठी एनालॅप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके थांबवू शकते. शिवाय लघवी गरजेपेक्षा जास्त अल्कली झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होतात, ते वेगळेच. खडा कशाचा आहे हे कळल्यावरच हे औषध सुरू व्हावे, आणि रक्तातले पोटॅशियम अधूनमधून तपासावे.

औषधाच्या कपाटात सायट्रेट आणखी बऱ्याच ठिकाणी आहे. कॅल्शियमच्या गोळ्या दोन प्रकारच्या मिळतात. कार्बोनेटमध्ये वजनाच्या 40 टक्के कॅल्शियम असते, सायट्रेटमध्ये 21 टक्के. म्हणून सायट्रेटची गोळी मोठी आणि महाग. पण ती शोषली जाण्यासाठी जठरात आम्ल लागत नाही. आम्लपित्तावर रोज पँटोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना म्हणूनच ती जास्त उपयोगी. मॅग्नेशियम सायट्रेट आतड्यात पाणी ओढून घेतो. दुर्बिणीने आतडे तपासण्याआधी पोट साफ करायला तो देतात. तातडीच्या सिझेरियनआधी बाईला 30 मिलिलिटर सोडियम सायट्रेट पाजतात, भूल देताना जठरातला रस चुकून फुप्फुसात गेलाच तर त्याने फुप्फुस जळू नये म्हणून.

कधी सायट्रेट स्वतः औषध नसून औषधाचा सोबती असतो. हत्तीरोग दुरीकरणाच्या मोहिमेत विदर्भातल्या गावागावांत आरोग्य कर्मचारी समोर उभे राहून ज्या गोळ्या खायला लावतात, त्यातली डीईसी म्हणजे डायइथिलकार्बामॅझिन सायट्रेट. हे औषध आले अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेतून, जिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. मूळ औषध पाण्यात सहज विरघळणारे, गोळीत बांधता येणारे व्हावे म्हणून त्याचा सायट्रेट क्षार करतात. 100 मिलिग्रॅमच्या गोळीत निम्मे वजन जवळपास त्या सोबत्याचेच असते. नागपूर जिल्ह्यासारख्या भागात ही गोळी वाटली जाते तेव्हा ‘मला कुठे हत्तीरोग आहे’ म्हणून ती खिशात टाकू नये. पाय सुजण्याच्या कितीतरी वर्षे आधी जंतूंची पिले रक्तात फिरत असतात आणि डासामार्फत शेजाऱ्याकडे जातात.

लिथियमची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1929 मध्ये सेंट लुइसला बाजारात आलेल्या सेव्हन-अप या लिंबाच्या चवीच्या पेयात लिथियम सायट्रेट असे, मन प्रसन्न करणारे म्हणून. 1948 पर्यंत ते त्यात होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञाने उन्मादाच्या रुग्णाला लिथियम सायट्रेट दिले आणि आधुनिक मानसोपचारातले एक सर्वांत भरवशाचे औषध उदयाला आले. ते रक्तातली पातळी मोजून द्यावे लागते, पेयाच्या बाटलीतून नाही.

पण सायट्रेटला सर्वांत जास्त माणसांपर्यंत पोहोचवले ते एका पाकिटाने. 1971 मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते आणि माणसे जमिनीवर, आपल्याच मळात पडलेली होती. कोलकात्याच्या संशोधन केंद्रातून तिथे गेलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनाबीस यांनी एका लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असे मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले: पाजत राहा. साखर आणि मीठ आतड्यात जोडीने शोषले जातात, हे रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडले होते; त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते, जुलाब चालू असतानाही. छावणीत त्याची परीक्षा झाली. आधी शंभरातले तीस दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत मृत्यू शेकडा चारच्या आत आले.

सोडा त्यात का? जुलाबात शरीरातले बायकार्बोनेट वाहून जाते आणि रक्त आम्ल होऊ लागते, ते भरून काढायला. अडचण आली ती हेच मिश्रण पाकिटात बंद करून खेड्यापाड्यांत पाठवताना. दमट, उष्ण हवेत सोडा आणि ग्लुकोज एकत्र राहिले की पूड तपकिरी पडते, गोळे होतात. म्हणून 1984 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात सोड्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट आला. यातला हिशेब पाहण्यासारखा आहे. अडीच ग्रॅम सोड्यात बायकार्बोनेटचे 30 मिलिमोल असतात. 2.9 ग्रॅम सायट्रेटमध्ये सायट्रेटचे 10 मिलिमोल असतात, आणि प्रत्येक सायट्रेट जळून तीन बायकार्बोनेट देतो. दहा त्रिक तीस. कोकणातल्या पावसाळ्यात उपकेंद्राच्या कपाटात पाकीट कोरडे राहते, आणि बाळाच्या रक्तात पोहोचल्यावर त्यातून पूर्वीइतकेच बायकार्बोनेट तयार होते.

या पाकिटाचे, म्हणजे ओआरएसचे किंवा जलसंजीवनीचे, 2002 पासूनचे सूत्र असे, एका लिटरला: मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. बाजारात मात्र ओआरएसच्या नावाखाली फळांच्या चवीची, साखरेने भरलेली पेये तयार खोक्यांत विकली जात होती, आणि आईबाप ती औषध समजून जुलाब झालेल्या मुलांना पाजत होते. जास्त साखरेने आतड्यात उलट पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. हे फार आधी व्हायला हवे होते.

आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जलसंजीवनीचे पाकीट फुकट मिळते. दुकानातून घेतले तर मागच्या बाजूला वरचे चार आकडे आहेत का ते पाहा. काही पाकिटे एका लिटरची असतात, काही 200 मिलिलिटरची; लिहिले असेल तेवढेच पाणी घाला, कमीही नाही आणि जास्तही नाही, आणि कालवलेले पाणी 24 तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, पाकीट मिळेपर्यंत. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा पाजा, अंगावरचे दूध बंद करू नका, आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या पूर्ण 14 दिवस द्या. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, पिता येईना किंवा शौचात रक्त दिसले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.